बाबांचं उठणं

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. त्या बाकावर रब्बी, म्हणजे वस्तीतल्या ज्यू लोकांचा धर्मगुरू, तीन दिवस बसून होता. आत त्याचे वडील होते. त्यांच्या उशाशी थोरली बहीण होती, येणारेजाणारे शेजारी होते, फरशी पुसणारी बाई दिवसातून दोनदा बादली घेऊन आत जात होती. सगळ्या जगाला त्या खोलीत शिरायची मुभा होती. नव्हती ती फक्त त्याला.

वडील ब्याऐंशी वर्षांचे. पुस्तकं बांधायचा धंदा. उभा जन्म सुई, दोरा, पुठ्ठा आणि खळ यांत गेला, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बाइंडर म्हणत. वरच्या फळीवरचा पुठ्ठा काढायला स्टुलावर चढले, पडले, आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. हाड बसलं, पण हृदयाने त्याचा धसका घेतला.

शुद्धीवर आल्याचं कळलं तसा रब्बी धावत जिना चढला. त्याने दार लोटलं, एक पाऊल आत टाकलं, आणि बाबांनी पांघरूण बाजूला सारलं. दोन्ही कोपरं गादीत रोवली. पाय पलंगाखाली सोडायला निघाले.

"बाबा, नको! बाबा!"

"या," बाबा म्हणाले, आणि खरोखरच उठले. वीतभर उठले असतील. सलाइनची बाटली खांबासकट कलंडली, चेहरा कागदासारखा पांढरा पडला, आणि ते मागे कोसळले. मग सिस्टर धावली, डॉक्टर आले, कुणीतरी रब्बीला दंडाला धरून बाहेर काढलं. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तुम्हाला बघून त्यांना एवढं काय होतं?" त्यांनी विचारलं. "काही भांडण वगैरे?"

"नाही हो. ते मला मान देतात."

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हाही रुग्णच. "मग तो मान जरा लांबून घ्या. पुन्हा असे उठले तर मला काही करता येणार नाही."

त्यांच्या धर्मात शिकवणारा समोर आला की शिकणाऱ्याने उठून उभं राहायचं. आई किंवा वडील समोर आले की मुलानेही उभं राहायचं. आणि मुलगाच वडिलांना शिकवत असेल तर? तर दोघांनी एकमेकांसाठी उठायचं. ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाइंडरांसारखा हट्टी म्हातारा मात्र नसावा.

कारण हे दोघे गेली बावीस वर्षं एकमेकांसाठी उठत आले होते. रब्बी दुकानात शिरला की बाबा उठत. बाबा उठले की रब्बीला बसता येत नसे. बाबा प्रार्थनालयात आले की रब्बी व्यासपीठावर उभा राही. तो उभा, म्हणून बाबा उभे. मागच्या बाकांवरचे लोक कुजबुजत, "झाली यांची कवायत सुरू." ताई तर जेवायला वाढताना वैतागून म्हणायची, "एकदाचं ठरवा रे, कोण बसणार आहे! अन्न निवतंय." सगळ्यांना त्याचं हसू यायचं. रब्बीही हसायचा, पण मनापासून कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराच्या फटीतून, दिसणार नाही असं उभं राहून, बोलायचा प्रयत्न केला.

"बाबा, शिकवणारा आपला मान सोडू शकतो. मी माझा मान सोडला. आता तुम्हाला उठायचं कारण नाही."

आतून बारीक, पण ठाम आवाज आला. "तुम्ही सोडाल हो. तुमचा मोठेपणा. पण सोडला तरी थोडं तरी उठावं, असं तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं. त्यानेच शिकवलं होतं.

"आजारी माणसाला तर मुळीच उठायचं नसतं, बाबा."

"आजारी कोण? मी पडलोय. पडलेल्याचं कुठे लिहिलंय?"

ताई बाहेर आली तेव्हा हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. लहानपणापासून ती त्याला पंडित म्हणायची. तो पुस्तकात तोंड खुपसून भिंतीवर आपटायचा म्हणून. "पंडित, तुझ्या त्या ग्रंथात या माणसाला गप्प निजवायचं एखादं वाक्य नाही का रे?"

त्याने तिला परत आत पाठवलं.

मग फोन करून पाहिला. ताईने फोन बाबांच्या कानाला लावला. त्याने "बाबा" म्हटलं मात्र, पलीकडून पलंगाची करकर ऐकू आली आणि ताई ओरडली, "अहो, फोनवर काय उठता!" तोही मार्ग बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर त्याच्या शेजारी बाकावर बसले. डॉक्टर शेजारी येऊन बसले की काय सांगणार, हे रब्बीला ठाऊक होतं. लोकांच्या शेजारी बसून त्याने असं पुष्कळदा ऐकलं होतं. फुप्फुसांत पाणी भरू लागलंय. औषधं चालू आहेत. पण हृदयात तेवढा जोर नाही. दोन दिवस, फार तर तीन. "तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या," असं म्हणून ते उठले. तो दारापलीकडे का जाऊ शकत नाही, हे ते विसरले होते.

रब्बीला बोलायचं होतं. बावीस वर्षं बोलायचं होतं.

*

त्याचं असं झालं होतं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, परगावी शिकून नुकताच परतला होता आणि इथल्या लोकांनी त्याला रब्बी नेमलं होतं. बाबांचा आनंद त्या दुकानात मावत नव्हता. त्यांनी हजारो पुस्तकं बांधली, पण स्वतः वाचताना अक्षराखाली बोट धरून, अडखळत वाचत. मुलगा परत आल्या आल्या म्हणाले, "मला शिकव." तेव्हापासून दर गुरुवारी दुकान बंद झाल्यावर दोघे कामाच्या टेबलाशी बसत आणि मानपानाचा, आईवडिलांचा, गुरूंचा तो ग्रंथ ओळीओळीने वाचत.

नेमणुकीच्या दुसऱ्याच आठवड्यात प्रार्थनालयाचे अध्यक्ष आणि आणखी दोन वजनदार माणसं नव्या रब्बीला घेऊन वस्तीत फिरायला निघाली. फिरत फिरत बाबांच्या दुकानात आली. बाबा एक पुस्तक शिवत होते. सुई घडीच्या मधोमध, दोरा दातांत धरलेला. त्यांनी मान वर केली, चेहरा उजळला, आणि दोरा न सोडता म्हणाले, "आलास? बस."

अध्यक्षांची कुलपांची पेढी होती आणि बोलणंही तसंच खटक्याचं. ते भुवई उचलून, हसून म्हणाले, "घरचाच माणूस. त्याच्यासाठी कोण उठतंय!"

रब्बीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"बाबा, शिकवणारा आत आला की शिकणाऱ्याने उठायचं असतं. गेल्याच गुरुवारी वाचलं आपण."

चारचौघांत. वडिलांना. वडील चुकत असले तरी मुलाने 'तुम्ही चुकलात' म्हणू नये, फक्त 'बाबा, असं लिहिलंय ना?' एवढंच विचारावं, हेही त्याच ग्रंथात होतं. आणि इथे तर वडील चुकलेही नव्हते, पण ते त्याला तेव्हा कळलं नाही.

बाबांनी दोरा तोंडातून काढला. सुई टेबलावर ठेवली. एप्रनला हात पुसले आणि उभे राहिले. "या, बसा," म्हणाले. त्या दिवसापासून ते मुलाला 'तुम्ही' म्हणू लागले. सुई हातात असो, खळ लावलेला पुस्तकाचा कणा वाळत असो, रब्बी दारात दिसला की ते उठायचे.

आठ वर्षांनी प्रवचनाची तयारी करताना त्याच ग्रंथातली एक ओळ त्याने नीट वाचली. आधी वाचली नव्हती असं नाही. नीट वाचली नव्हती. कारागीर कामात असेल तर विद्वानासमोर उठायचं त्याला बंधन नाही. आणि काम दुसऱ्याचं असेल तर उठायची त्याला परवानगीच नाही.

त्याने ग्रंथ मिटला. उद्या जाऊन सांगावं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, बाबा उठले, त्यांच्या चेहऱ्यावर तो उठण्याचा साधा समाधानी भाव होता, आणि तो इकडचं तिकडचं बोलून परतला. सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की त्या दिवशी लोकांसमोर मी तुम्हाला उगाच खाली पाहायला लावलं, आणि तेही अज्ञानाने. मग त्याने पुढच्या आठवड्यावर ढकललं. पुढचा आठवडा चौदा वर्षांचा झाला. ग्रंथ संपला की ते दोघे पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत, आणि फिरून ती ओळ आली की रब्बी दोन पानं एकदम उलटत असे.

*

डॉक्टर गेल्यावर तो उठला आणि तडक अध्यक्षांच्या पेढीवर गेला. अध्यक्ष आता ऐंशीचे होते, गल्ल्यामागे गादीवर रेलून होते. रब्बी येताच त्यांनी उठण्याचा आव आणला आणि निम्म्यावर सोडून दिला.

"बसा, बसा. बाइंडर कसे आहेत?"

"मी राजीनामा द्यायला आलोय."

"आँ?"

"मी रब्बी नसलो तर ते उठणार नाहीत. मला आत जाता येईल."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही पद सोडाल. पण ते काय पदासाठी उठतात? तुम्ही त्यांना वाचायला शिकवलंत. ते कसं परत घेणार? ते काय कुलूप आहे, बदलून द्यायला?"

रब्बी म्हणाला, "त्या दिवशी दुकानात तुम्ही म्हणाला होतात, घरचाच माणूस, त्याच्यासाठी कोण उठतंय."

"मी?" अध्यक्षांनी आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. "मी असं म्हणालो? नसेन हो. आणि म्हणालो असेन तर थट्टेने."

बावीस वर्षं ज्या एका माणसाच्या भुवईला तो घाबरला होता, त्याला ती उचलल्याचं आठवतही नव्हतं. रब्बी रस्त्यावर आला. माणसं सायकलींवरून, पिशव्या घेऊन जात होती. कोपऱ्यावर उभ्या उभ्या त्याला वाटलं की आता काहीच उरलं नाही; बाबा तिकडे पलंगावर मरतील आणि तो भिंतीच्या अलीकडे बाकावर बसलेला असेल. एकच दार उघडण्यासारखं होतं, आणि ते त्याने स्वतः चौदा वर्षं दाबून धरलं होतं. कामात असलेला माणूस उठत नाही. बाबांच्या हातात काम असलं, तर तो आत जाऊ शकत होता. पण का, ते आधी सांगावं लागणार होतं.

दुकानाची किल्ली त्याच्याकडे होती. आत पुठ्ठ्याचा आणि आंबट खळीचा वास कोंडला होता. पडलेलं स्टूल अजून आडवंच होतं. टेबलावर अर्धवट शिवलेलं एक पातळ पुस्तक, वर चिठ्ठी: संगीत शिकवणाऱ्या बाईंचं, गाण्यांचं. म्हणजे काम दुसऱ्याचं होतं. सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्यांना बाबा फर्मे म्हणत, तशा सहा. तीन शिवून झालेल्या, तीन सुट्ट्या. त्याने ते पुस्तक, सुई, मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी असं सगळं कापडात गुंडाळलं. दाराला कुलूप लावलं आणि तो इस्पितळाकडे निघाला.

*

"तुला वेड लागलंय," ताई म्हणाली. ती बाहेर आली होती आणि दार तिने पाठीने धरून ठेवलं होतं. "त्यांना श्वास पुरेना आणि तू त्यांना कामाला लावतोस?"

"काम नाही ग. नुसतं हातात असू दे."

"तीन दिवस मी एकटी आत आहे, पंडित. रात्रंदिवस. आणि तू बाहेर बसून धर्म शोधतोयस. मुलगा म्हणून सरळ आत ये ना एकदा!"

"आलो होतो. पाहिलंस ना काय झालं ते?"

तिचे डोळे भरले. तिने पदराने नाक पुसलं आणि बाजूला झाली. "जे करायचं ते कर. लवकर कर."

त्याने दार अर्धं उघडलं आणि स्वतः भिंतीआड उभा राहिला. तिथून पलंगाचा पायथा आणि पांघरुणाखालची बाबांची पावलं तेवढी दिसत होती.

"बाबा."

पावलं हलली.

"उठू नका. मी दिसतोय का तुम्हाला? नाही ना? मग उठायचं नाही. बाबा, असं लिहिलंय ना, की कारागीर कामात असला तर विद्वान आला तरी उठत नाही?"

आतून फक्त घरघरणारा श्वास.

"आणि असंही लिहिलंय ना, की काम दुसऱ्याचं असेल तर उठायची परवानगीच नाही? त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याचं पुस्तक शिवत होतात. तुम्ही बरोबर होतात. लोकांसमोर मी तुम्हाला..." ते वाक्य त्याने तिथेच सोडलं. "मला नंतर कळलं. चौदा वर्षांपूर्वी. तरी मी सांगितलं नाही."

बाबा म्हणाले, "पान कितवं?"

"दोनशे चौदा."

"हां. तेच."

"तेच म्हणजे?"

"तिथे आलं की तुम्ही दोन पानं एकदम उलटायचात." प्रत्येक शब्दानंतर ते श्वासासाठी थांबत होते. "त्या ग्रंथाची बांधणी माझी. एक पान उलटलं की एक आवाज. दोन उलटली की वेगळा."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"उलटता, ते ठाऊक होतं. त्यावर काय आहे, ते नाही."

"मग बघितलं का नाहीत? ग्रंथ तर दुकानातच असायचा!"

"शिकवणाऱ्याने झाकलेलं पान आपण उघडायचं?" म्हाताऱ्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "म्हटलं, माझी अजून तेवढी तयारी नसेल."

ताईने तोंडावर हात घेतला. रब्बी दाराच्या चौकटीवर कपाळ टेकवून उभा राहिला. शिवीगाळ झाली असती तर त्याने ती अंगभर ल्यायली असती. याला कुठे धरावं, हेच त्याला कळेना.

"बाबा, मला माफ करा."

"माझं काय," बाबा म्हणाले. "मला उठायला आवडायचं. वाटायचं, पोरगं एवढं शिकलं की बापाला उठावं लागतं. समोरच्या शिंप्याला म्हणायचो, तुझं एकतरी कार्टं आहे का असं?" ते हसले की खोकले, नीट कळलं नाही. मग आवाज एकदम बदलला. "पण परवानगीच नाही म्हणालात?"

"काम दुसऱ्याचं असेल तर. हो."

"म्हणजे ते सगळे... खळ लावून ठेवलेली असायची हो. मी उठायचो, तुम्ही जाईपर्यंत उभा असायचो, आणि ती वाळून जायची. पुन्हा लावली की कणा पोटात फुगतो. मला दिसायचं. त्या सुईणबाईंची वही, ती कायम एका बाजूला कलायची. मी म्हटलं, चालतंय, रब्बी आले होते." पांघरुणाखालची पावलं अस्वस्थ हलू लागली. "बावीस वर्षं, रब्बी. लोकांची कामं होती ती. त्यांनी विश्वासाने दिली होती."

"दोष माझा आहे. तुमचा नाही."

"तुमचा तुमच्यापाशी. हात माझे होते." थोडं थांबून ते म्हणाले, "माझ्यापुरतं मी केव्हाच सोडलं. पण त्यांचं मी कसं सोडू? सुईणबाई तर गेल्यासुद्धा."

रब्बीने आयुष्यभर लोकांना अशा प्रश्नांची उत्तरं दिली होती. कुणाची माफी कुणाच्या थडग्यापाशी जाऊन, किती जणांना सोबत घेऊन मागायची, सगळं त्याला पाठ होतं. पण ते आत्ता म्हणायला तोंड उघडेना. माफी मिळाली, असं त्याला वाटेना. मिळाली नाही, असंही म्हणता येईना. बाबांवर टाकलेली आपली चूक उचलायला तो आला होता, आणि उचलता उचलता ती दुप्पट करून त्यांच्याच छातीवर ठेवून बसला होता.

"काय आणलंयत?" आतून प्रश्न आला. "मेणाचा वास येतोय."

"संगीताच्या बाईंचं पुस्तक."

"द्या आत. त्या शनिवारनंतर येणार होत्या."

ताईने कापड सोडून पुस्तक त्यांच्या पोटावर ठेवलं, उशा रचून मान उंचावली, सुई आणि दोरा हातात दिला. फर्मे एकावर एक लावल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "मी कामात आहे. या आता."

रब्बी आत गेला.

तीन दिवसांत माणूस इतका लहान होतो हे त्याने दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. बाबांनी मान वर केली नाही. उठले नाहीत. तो मात्र पलंगाशी उभा राहिला, कारण मुलाचं उठणं कामाने सुटत नाही. बाबा "बसा" म्हणाले तेव्हाच तो खुर्चीवर टेकला. गुडघा पलंगाच्या कडेला लागला. इतक्या जवळ तो बाबांच्या पुढ्यात कितीतरी वर्षांत बसला नव्हता. दोघे नेहमी उभेच असत.

बाबा सुई ओवत होते. बोटं सलाइनने सुजली होती. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या डावीकडून गेलं. मग उजवीकडून. ओठांत ओलं केलं, पुन्हा गेलं. रब्बीचा हात नकळत पुढे झाला.

"हात लावू नका," बाबा म्हणाले. "तुम्ही केलंत तर मी रिकामा."

त्याने हात मागे घेतला आणि मांड्यांखाली दाबून बसला.

सिस्टर औषध घेऊन आली आणि दारातच थांबली. "अरे देवा, आजोबा! सुई कुणी दिली? आणा, मी ओवून देते."

"ओवण्यापासून काम सुरू होतं, बाई."

सिस्टरने ताईकडे पाहिलं. ताईने नुसती मान हलवली. सिस्टरने औषध ठेवलं आणि पाय न वाजवता निघून गेली.

पाव तास गेला असेल. दोरा बाबांच्या हातातून सुटला आणि पांघरुणाच्या घडीत गेला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. त्यांनी फर्मा उघडला, घडीच्या मधोमध बोट फिरवून आधी पाडून ठेवलेलं भोक शोधलं आणि रिकामी सुई त्यातून आत घातली. पलीकडून ओढली. दुसऱ्या भोकातून परत. दोरा नसलेले टाके पडू लागले. हात मात्र नेमका जिथे जायचा तिथे जात होता. साठ वर्षं जसा जात होता तसाच.

तिसऱ्या टाक्याला ते थांबले. पहिल्यांदा त्यांनी मुलाकडे सरळ पाहिलं.

"रब्बी, दोरा नाही ना यात?"

"नाही, बाबा."

"हे काम धरतात का?"

त्यांचं एक कोपर गादीत रुतायला लागलं होतं. रब्बीने ते पाहिलं. सगळे ग्रंथ त्याच्या डोक्यातून सर्रकन पालटून गेले. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. एरवी असा प्रश्न आला असता तर त्याने आठ दिवस मागून घेतले असते. मोठ्या रब्बींना पत्रं लिहिली असती. आणि शेवटी 'बहुधा' म्हटलं असतं. आपण चुकलो तर, ही भीती त्याच्या अंगात हाडांसारखीच होती. आणि याच माणसाच्या बाबतीत तो एकदा चुकला होता.

"धरतात," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

कोपर सैल पडलं. सुई पुन्हा चालू झाली. खोटं बोललो की निर्णय दिला, हे त्याला कळलं नाही, आणि ते शोधायला आता वेळ नव्हता.

बाबा बोलत होते, पण आता त्याच्याशी नाही. कुठल्या तरी जुन्या वहीच्या कोपऱ्यांविषयी, कुणाला तरी सांगायचं राहिलं आहे, असं काहीतरी. मग तेही थांबलं. मान उशीवर कलली. पापण्या मिटल्या. सुई घडीत अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. श्वास येत होता, जात होता, मध्ये लांबत होता.

"झोपले?" ताईने ओठांनीच विचारलं.

त्याने मान हलवली. झोपलेल्या वडिलांना जागं करायचं नसतं. पण झोपेतला माणूस कामात नसतो. डोळे उघडले आणि समोर तो दिसला, तर ते उठतील. ताईलाही ते कळलं होतं. तिने दाराकडे बोट केलं. आत्ता जा, हलक्या पायाने, जागे होण्याआधी.

तो खुर्चीतून अर्धवट उठला. मग पुन्हा बसला. हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं होतं आणि वडिलांचा शब्द मोडायचा नसतो. तरी त्याने मांड्यांखालचे हात काढले, बाबांच्या उजव्या हाताखाली आपला तळवा सरकवला, त्यांची बोटं सुईवर मिटली आणि त्यांच्याच हाताने ती पलीकडे ओढली. मग पुढच्या भोकात. मग परत.

"पंडित," ताई कुजबुजली, "काय करतोयस?"

"ते कामात आहेत," तो म्हणाला.

बाबांचा हात गार होता आणि अजिबात विरोध करत नव्हता. चौथा फर्मा झाला. पाचवा झाला. श्वास दोनदा इतका लांबला की ताई उठून उभी राहिली, आणि दोन्ही वेळा परत आला. सहावा संपला तेव्हा रब्बीने डाव्या हाताने पानं चाचपून पहिला फर्मा पुन्हा उघडला, त्याच्या घडीत बाबांचं बोट फिरवून पहिलं भोक शोधलं, आणि सुई आत घातली.